ह्यांच्या रक्तातला चुना

दांडी, मालवण
मार्गशीर्ष, गुरुवार

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर धाकट्या यशोदेचं डोकं, आणि हे पत्र वाचून दाखवायला बसलेल्या नातीच्या, रियाच्या, गालावर एक पापा. आक्का, तुझा गुडघा कुरकुरत का होईना पण चालत असेल, इन्सुलीला थंडी पडली असेल आणि तू डोक्याला काही न बांधता सकाळी काजूच्या बागेत फिरत असशील, असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आमची खुशाली कशी आहे ते पुढे येईलच. रिया, कंसातलंसुद्धा मोठ्याने वाचायचं, आजीला वाटतं कंसात तिच्याविषयी वाईट लिहिलेलं असतं.)

फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. त्याचं कारण तूच आहेस. त्या दिवशी कुडाळच्या इस्पितळातून मी तुला रडत रडत सांगितलं की ह्यांचं कॅल्शियम वाढलं, आणि तू ऐकलंस काशीबाई वारली. तू फोन ठेवलास आणि अर्ध्या इन्सुलीला कळवलंस. बायका पदर डोळ्यांना लावून काशीबाईच्या दारात गेल्या आणि दार काशीबाईनेच उघडलं, हे मला रियाने नंतर सांगितलं. त्या माऊलीला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, राग धरू नको, अशाने आयुष्य वाढतं म्हणतात. तर आता सगळं कागदावर लिहिते, म्हणजे तुला मनचं जोडायला जागा राहणार नाही.

ह्यांचं मनगट गेल्या गणपतीत मोडलं ते तुला माहीतच आहे. आरतीला उशीर झाला म्हणून घरासमोरच्या खळ्यातून धावले, शेवाळावर घसरले आणि हातातल्या घंटेसकट आपटले. (घंटेला काही झालं नाही.) प्लास्टर घालताना कुडाळचे हाडांचे डॉक्टर म्हणाले की एवढ्याशा पडण्याने मनगट मोडायला नको होतं, हाडं विरळ झालीत, ह्या वयात होतं. त्यांनी कॅल्शियमची एक गोळी रोज घ्यायला दिली आणि एक पुडी आठवड्यातून एकदा दुधातून. साधी गोष्ट होती. तुझ्या-माझ्यासारखं माणूस असतं तर गोळी घेतली असती, पुडी विसरलं असतं आणि हाताला तेल लावत बसलं असतं. पण आमचे हे उभा जन्म बोटीवर सारंग, खलाशांचे मुकादम. लोखंडावर गंज दिसला की खरवडायचा आणि रंग मारायचा, एवढं एकच शिक्षण. ते मला म्हणाले, "गंज लागलेल्या बोटीक रंगाचो एकच हात कोण मारता गो? तीन हात मारूक व्हये." आणि स्वतःला रंगवायला बसले.

त्यात आपली माणसं प्रेमळ. आमच्या अजयला फोनवर कळलं तसं त्याने मुंबईहून भली मोठी बाटली पाठवली, परदेशातली, एकेक गोळी चवळीच्या शेंगेच्या तुकड्याएवढी. दोन दिवसांनी सूनबाईला, दिव्याला, वाटलं की बाबांना एवढी मोठी गोळी गिळता येणार नाही, म्हणून तिने चघळायच्या पाठवल्या, संत्र्याच्या चवीच्या. ह्यांनी दोन्ही ठेवल्या, कारण मुलाची घ्यावी तर सुनेला वाईट वाटेल. डॉक्टरची तिसरी चालूच होती. मग पोटात जळजळ सुरू झाली. शेजारच्या खोपटातून आमचे धाकटे दीर बाबली आले (तुला आठवत असतील, रिक्षा चालवतात, पान खातात आणि न विचारता उपाय सांगतात), त्यांनी जळजळीवरच्या पांढऱ्या गोळ्या आणून दिल्या. त्या हे दिवसभर पेपरमिंटसारख्या चोखायचे. त्यातही कॅल्शियमच असतं हे बाबलीला काय ठाऊक, आणि मला तरी काय ठाऊक. आणि पुडी! ती दुधात बरी लागते, असं ह्यांच्या लक्षात आलं. आठवड्यातून एकदा हे आजारी माणसांसाठी, धट्ट्याकट्ट्याने रोज घ्यायला हरकत नाही, असा स्वतःच निकाल देऊन हे रोज पिऊ लागले. अजयला सांगून त्यांनी त्याची पेटीच मागवली.

आणि आक्का, तू. तू फोनवर सांगितलंस की ताकात गव्हाच्या दाण्याएवढा चुना घालून घ्यायला सांग, तुझ्या सासऱ्यांची हाडं नव्वदीतही ह्यामुळेच शाबूत होती. मी तसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी बाबलीच्या पानाच्या डबीत अंगठ्याचं नख बुडवलं. आता ह्यांचं नख तू पाहिलं आहेस. त्यावर गहू पेरता येईल.

दसऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. उलट हे छाती काढून चालायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मनगट दाबून बघायला लावायचे. दिवाळीच्या सुमाराला तहान सुरू झाली. आधी तांब्या, मग कळशी. मी पाणी भरून ठेवायची आणि हे संपवायचे, आणि जेवढ्यांदा पिणार तेवढ्यांदा लघवीला पळणार. बाबली म्हणाले, उष्णता. मग भूक गेली. बांगड्याची कढी पानात तशीच राहिली, आक्का. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून ह्यांच्या पानात बांगडा शिल्लक राहिलेला मी पाहिला नव्हता. ह्यांचं पोट साफ होईना (रिया, हे वाक्य हळू वाच, पण वाच), त्यावर एरंडेल झालं, त्रिफळा झाला. मग झोप. सकाळी पेज घेतली की खुर्चीत झोप, दुपारी झोप, माणूस बोलत असताना झोप. मी अजयला कळवलं तर तो म्हणाला, "आई, बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत." तू म्हणालीस, वय झालं. शेजारीण म्हणाली, वय झालं. मीसुद्धा स्वतःला तेच सांगायला लागले, कारण ते सांगितलं की आणखी काही करावं लागत नाही. आणि एक दिवस ह्यांनी मला हाक मारली, "ए भिकाजी, चाय आण." भिकाजी हा ह्यांच्या बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. मी चहा आणून दिला. काय करणार?

डॉक्टरकडे चला म्हटलं की चिडायचे. असे चिडके हे कधीच नव्हते. मी त्यांच्याआडून रडायची आणि त्यांच्यासमोर गोळ्या काढून द्यायची. हे आता लिहिताना माझ्या लक्षात येतंय, की ह्यांना बरं वाटावं म्हणून मी रोज न चुकता तेच देत होते ज्याने ह्यांना बरं वाटत नव्हतं.

तर तो सोमवार. मी मासळी बाजारात गेले होते. सौंदाळे स्वस्त होते, पण ह्यांना भूक नाही तर कोणासाठी घ्यायचे असं म्हणून रिकामी पिशवी घेऊन परत आले. दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. परसाकडे बघितलं, विहिरीत बघितलं. (विहिरीत बघताना मी डोळे मिटले होते, म्हणून दुसऱ्यांदा बघावं लागलं.) आत येऊन बघते तर खाटेखालची ट्रंक उघडी, आणि ह्यांचा बोटीवरचा पांढरा शर्ट आणि टोपी गायब. समोरच्या माडाखाली जाळं विणत बसलेल्या बाईने सांगितलं, "लवूदा मगाशीच बंदराकडे गेले. मी इचारलंय, खंय? तर म्हणाले, बोट लागली हा, ड्युटीर जातंय."

मी ओरडले तशी बाबली रिक्षा काढून आले. दांडीपासून धक्का तो काय लांब, पण मला वाटलं आम्ही रत्नागिरीला निघालोय. आक्का, मला एकच दिसत होतं: हाडं विरळ असलेला माणूस, झोपेत असल्यासारखा चालतोय, आणि बाजूला पाणी. धक्क्यावर पर्यटकांची ही गर्दी. मी तिकिटाच्या टपरीवर जाऊन विचारलं, पांढरा शर्ट, टोपी, उंच म्हातारा. तिकीटवाला हसला. म्हणाला, "आजोबा ना? विनीतच्या होडीत चढले. पोरांका वाटला कोण तरी साहेब आसा, सलाम केल्यानी." मी वळून बघितलं तर किल्ल्याकडे निघालेली होडी पाण्याच्या मध्यावर, आणि तिच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, एक पांढरा ठिपका उभा. बसलेला नव्हे. उभा.

त्या तिकीटवाल्याने विनीतला फोन लावून माझ्या हातात दिला. विनीत म्हणजे ती होडी चालवणारा तांडेल, भला मुलगा, पण त्याचा आवाज चिरकत होता. "काकी, ते बसनत नाय. माका म्हणतत इंजिन बंद कर, बोट लागूची हा. माणसा घाबरली हत. मी हात लावलंय तर ते कडेक सरकतत." मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव. मागून लाव. आणि मग मला ह्यांचा श्वास ऐकू आला.

"अवो, खाली बसा," मी म्हटलं. "मी यशोदा."

"यशोदा घराक आसा," हे म्हणाले. अगदी शांत, सभ्य आवाजात, जसं परक्या बाईशी बोलतात. "तू कोण? फोन ठेव. माझी बोट चुकतली."

आक्का, कोणी माझ्या थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. पण रडायला वेळ नव्हता. तो पांढरा ठिपका आणखी कडेला सरकत होता, मला धक्क्यावरून दिसत होतं. काय सुचलं मला ठाऊक नाही. ह्यांच्या कॅप्टनची नक्कल हे दर गणपतीत घरच्यांना करून दाखवायचे, ती मला पाठ होती. मी पोटातून आवाज काढला आणि सगळ्या मालवण बंदराला ऐकू जाईल अशी ओरडले, "सारंग! किधर खडा है? बैठो अपनी जगह पे!"

मागच्या गर्दीतलं एक लहान मूल रडायला लागलं. फोनमधून हे म्हणाले, "येस साब." आणि तो ठिपका खाली बसला.

(इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं पहिल्याच हाकेला ऐकलं ते हे एकदाच. पण ते माझं नव्हतंच म्हणा.)

विनीतने होडी तशीच मागे फिरवली. पर्यटकांपैकी कोणी एका शब्दाने कुरकुर केली नाही, देव त्यांचं भलं करो. होडी परत धक्क्याला येईपर्यंत मी फोन कानाला धरून कॅप्टनच राहिले. "बैठे रहो. हिलना मत." माझं हिंदी तुला माहीत आहे, तिथे हिंदी संपलं की मी नुसतीच जोरात "हूं!" म्हणत होते. उतरवताना विनीतने आणि बाबलीने दोन्ही काखांत हात घालून ह्यांना अलगद उचललं, अंड्याची टोपली उचलावी तसं. पाय धक्क्याला लागले आणि हे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी."

आता बाबलीचं ऐक. रिक्षात बसवल्यावर म्हणतात, "वयनी, आधी देवळात जावया. कौल घेवया. ह्या दुखण्यातला नाय, राखणदाराचा काम आसा. तेका माडाखाली देवचो नारळ औंदा चुकलो." आक्का, मी देवाधर्माची बाई आहे, गुरुवार आहे म्हणून हे पत्रसुद्धा पूजा आटोपून लिहितेय. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "बाबली, रिक्षा कुडाळाक घे. कौल तू मागसून घे. नारळ मी दोन देतंय." त्यांनी रिक्षा वळवली. भावजयीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. कॅप्टन अजून गळ्यातच होता बहुतेक.

कुडाळचा रस्ता त्या दिवशी संपेचना. चौके गावापर्यंत हे अधूनमधून काहीतरी पुटपुटत होते. धामापूरच्या तलावाजवळ ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हाक मारली, नुसता हुंकार. पुढच्या चढावर पुन्हा हाक मारली, हुंकारही नाही. मी कपाळाला हात लावला, गालावर चापट्या मारल्या, पदर भिजवून तोंड पुसलं. बाबली पुढून विचारत होते, "वयनी, आसत मा? वयनी, आसत मा?" आणि मी "आसत" म्हणत होते आणि छातीवर हात ठेवून मोजत होते की धडधड चालू आहे की नाही. ती चालू होती, पण मध्येच अडखळत होती, जुन्या मशिनसारखी. मी कुलदेवतेला काय काय बोलले ते सांगत नाही. फेडायची वेळ आली तर मला चार जन्म पुरणार नाहीत.

इस्पितळात डॉ. संचिता म्हणून होत्या, आपल्या रियापेक्षा थोड्याच मोठ्या दिसतात. त्यांनी आधी म्हटलं, मेंदूला झटका असू शकतो. डोक्याचा फोटो काढायला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. बाबली पान तोंडात न चावता नुसतं धरून बसले होते. फोटोत काही निघालं नाही. मग त्यांनी हृदयाची पट्टी काढली, ती बघून कपाळाला आठी घातली आणि रक्त घेतलं. रक्ताचा कागद आला तेव्हा त्या चालत यायच्या त्या धावत आल्या. म्हणाल्या, "आजी, यांच्या रक्तातलं कॅल्शियम भयंकर वाढलंय. काय काय देता तुम्ही यांना?"

मी सांगायला लागले. डॉक्टरची गोळी. मुलाची गोळी. सुनेची संत्र्याची. त्या लिहीत होत्या. दिराची पांढरी, चोखायची. पुडी. "आठवड्याची ना?" नाही, रोजची. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, अजून थोडं आहे, ताकातून चुना.

"आजी, घरात यांच्याशी कुणाचं वाकडं नाही ना?"

"नाय गो बाय," मी म्हटलं. "सगळ्यांचो जीव आसा तेंच्यार."

"तेच दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि नर्सला सलाईन लावायला सांगितलं.

पहिले दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. मूत्रपिंडं दमलीत म्हणाल्या, हृदयावर लक्ष ठेवावं लागेल म्हणाल्या. अजय मुंबईहून निघाला. मी काचेतून बघत उभी राहायची, आणि बसायला सांगितलं की बसायची, आणि पुन्हा उभी राहायची. मला रागसुद्धा कोणाचा करायचा कळत नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या खोलीत बसवून समजावलं, ते तुलाही सांगते, नीट ऐक. (रिया, इथे सावकाश वाच.) रक्तात कॅल्शियम अगदी एका मापात लागतं, कमी नाही आणि जास्त नाही. त्याच्यावर हृदय चालतं, मेंदू चालतो. हाडं म्हणजे त्याची साठवण. तरुणपणी खाल्लेलं अंगी लागतं आणि साठवण भरते. वय झालं की आतडं पूर्वीसारखं ओढून घेत नाही, आपण उन्हात कमी जातो, आणि कातडीही म्हातारी होते, तिला उन्हातून पूर्वीएवढं काही बनवता येत नाही. मग रक्ताला कमी पडायला लागलं की गळ्यातल्या बारीक ग्रंथी ते हाडांतून काढून रक्तात टाकतात. रक्त राखायचं म्हणून हाडं झिजतात. म्हणून गोळी. मी म्हटलं, मग गोळी चांगलीच की! त्या म्हणाल्या, एक चांगली. पण मूत्रपिंडंही म्हातारीच असतात, जास्तीचं बाहेर टाकायचं काम त्यांना पहिल्यासारखं जमत नाही. पुडीत उन्हातून मिळतं तेच जीवनसत्त्व असतं, ते कॅल्शियम आत ओढतं; तुम्ही रोजच्या पुडीने दार उघडं ठेवलंत आणि बाकी सगळ्यांनी आत लोटलं. जास्त झालं की आधी तहान लागते, मग भूक जाते, पोट अडतं, झोप येते, आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. लोक म्हणतात वय झालं. मी मान खाली घातली. ते वाक्य मीच किती वेळा म्हटलं होतं.

अजय पोचला त्या सकाळी ह्यांनी डोळे उघडले. मी जवळ गेले. विचारायचं होतं, मी कोण? पण धीर होईना. न जाणो, भिकाजी म्हणाले तर? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, सलाईनकडे बघितलं, अजयकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "तू हयसर कित्याक इलंस? घराक कुलूप घातलंस मा?"

कुलूप घातलं नव्हतं, आक्का. घर त्या सोमवारपासून उघडंच होतं. पण मी म्हटलं, "घातलंय हो, घातलंय," आणि सगळ्या वॉर्डासमोर ह्यांचा हात धरून हसायला आणि रडायला लागले. अजय बिचारा स्वतःलाच दोष देत खिडकीशी उभा राहिला. चार माणसांच्या गोळ्या एकमेकांना न विचारता एका माणसाच्या पोटात गेल्या ह्यात त्याचा एकट्याचा काय दोष? मी त्याला तसं म्हटलंही. दिव्या फोनवर इतकी रडली की तिला समजावण्यात माझा अख्खा दिवस गेला.

आता हे घरी आहेत. रक्त मापात आलंय, दर आठवड्याला तपासतात. गोळ्या सगळ्या बंद, पुढे कोणती आणि किती ते डॉक्टरीणबाई ठरवतील. भूक परत आली आहे आणि तिच्याबरोबर खोडीही. काल आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरले, मला इतकं बरं वाटलं की मी आणखी थोडं कमी घातलं. बंदरावरचं ह्यांना काही आठवत नाही. विनीत आला होता, त्याने सांगितलं तर हे म्हणाले, "मी नाय, दुसरो कोण तरी असात." बाबली दोन्ही नारळ देऊन आले, आणि राखणदारानेच आपल्याला कुडाळचा रस्ता दाखवला असं सगळ्यांना सांगत फिरतात. फिरू देत.

तुला हात जोडून सांगते, तुझ्या ताकातला चुना आजपासून बंद कर. तुझ्या सासऱ्यांची हाडं शाबूत होती ती शेतात राबून, चुन्याने नव्हे. आणि रिया, आजीच्या फळीवर काय काय डब्या आहेत त्या सगळ्या एका पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखव. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद. काशीबाईंना दोन नमस्कार.

तुझी धाकटी,
यशोदा

ता. क. खरं तर ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. ह्यांना घरी सोडलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. पाठ दुखते का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, असं विचारलं. म्हणाल्या, पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं पुरुषांपेक्षा लवकर झिजतात, आणि एवढ्या सगळ्या गोळ्या घरात असताना तुम्हाला कोणी एक तरी दिली का? कोणी दिली नव्हती. मलाही आठवण झाली नव्हती. पुढच्या आठवड्यात हाडांची तपासणी करायला बोलावलंय. आक्का, ह्यांच्या वेळी मी वाघीण होते, पण स्वतःसाठी त्या मशिनखाली झोपायला मला भीती वाटते. तू येशील का माझ्याबरोबर? ह्यांना मी बोललेले नाही. हे पुन्हा रंगवायला बसतील, ह्या वेळी मला. तू गुडघा दाखवायला आलीस असं सांगू.

ता. क. २. आक्कांका लवूचो नमस्कार. पाकीट चिकटवूक माझ्याकडे दिल्यान, म्हणून मी वाचलंय. सारंगाच्या हातात उघडा पाकीट देवचा नसता. बंदरावरचा सगळा खोटा आसा, असो माझो समज आसा. पण खालच्या ता. क. मधला खरा आसा. ह्या पावसाळ्यापासून दारावरच्या फळीवरचो डबो काढूक ती पायाखाली पाट घेता. पयली घेय नाय होती. रात्री कूस बदलताना कण्हता आणि माका सांगता, मांजर ओरडला. डॉक्टरणीक ह्या मीच सांगलंय आणि म्हटलंय, तुमीच तिका सांगा, माझ्या तोंडातून कॅल्शियम ऐकला तर ती कुदळ घेवन मागे लागतली. तुमी येवा. गुडघ्याचा निमित्त बरा आसा, मी काय इचारूचंय नाय. तिका माझ्याकडसून कळूक देव नकात.